‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे : “मी पुण्यात नोकरी करते. आई तासगाव तालुक्यात, आमच्या गावी असते. द्राक्षबागेत मजुरीला जाते. चार वर्षं झाली, तिला झोप नाही, छातीत धडधडतं, अंगाची आग होते, कशातच मन लागत नाही. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका. ती ज्यांच्या बागेत कामाला जाते त्या काकूंनाही हाच त्रास होता. त्या सहा-आठ महिन्यांत बऱ्या झाल्या. आईलाच का गुण येत नाही? हा आजार गरिबांना जास्त होतो का? आणि गरिबीमुळेच होत असेल, तर कर्ज फिटल्याशिवाय गोळ्यांचा काय उपयोग?”

मी पंचवीस वर्षं सांगली-मिरजेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो नातेवाईकच नाही, तर कधीकधी डॉक्टरही मला विचारतात. “परिस्थितीच अशी आहे हो, कुणालाही वाईट वाटेल. त्याला काय गोळी देणार?” बोलणाऱ्याच्या मनात कळवळा असतो, पण त्या कळवळ्यापायी बाईचा आजार, म्हणजे नैराश्य, तसाच राहतो.

महापुरानंतर आपल्याकडे काय होतं ते आठवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर गावोगावी विहिरी खराब झालेल्या होत्या. अशा पाण्याने जुलाब लागतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून कुणी “पाणीच खराब आहे, सलाईन देऊन काय उपयोग” असं म्हटलं नाही. आणि नुसतं सलाईन लावून, विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर न टाकता, कुणी हात झटकून घरीही गेलं नाही. दोन्ही केलं. नैराश्याच्या बाबतीतही तसंच करायला हवं. कारण समजलं म्हणजे आजार नाही असं होत नाही. कर्जामुळे आलेलं नैराश्य हे नैराश्यच असतं. त्यात झोप, भूक, लक्ष, शरीराची ताकद सगळं ढासळतं आणि ते औषधांनी आणि समुपदेशनाने सुधारतं. कर्ज तसंच असतानाही सुधारतं, हे मी पाहिलेलं आहे. मात्र विहिरीकडे कुणी बघितलंच नाही तर आजार पुन्हा उलटतो, हेही तितकंच खरं.

आता गरिबांना जास्त होतो का? हो. श्रीमंतांनाही होतो, आणि त्यांचं दुःख खोटं नसतं. पण प्रमाण सारखं नाही. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर एकाच समाजातल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य आणि चिंतेचे आजार सर्वांत जास्त उत्पन्नाच्या लोकांपेक्षा दीड ते तीन पट आढळतात. आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र तेच होतं : मानसिक आजारांचं ओझं कमी उत्पन्नाच्या घरांवर जास्त. उपचारांची गरज असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे घ्या. त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातला दर चौथा माणूस रोजंदारीवरचा होता आणि जवळजवळ ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. आपण शेतकरी आत्महत्यांबद्दल बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्याच शेतात दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत राबणाऱ्या मजुराचं नाव फार कमी वेळा बातमीत येतं.

आणि ही फक्त ‘गरीब विरुद्ध श्रीमंत’ अशी दोन टोकांची गोष्ट नाही, हा सगळा उतार आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून मोठे अभ्यास झाले. मायकल मार्मट या संशोधकाचं नाव त्यामुळे जगभर झालं. त्या लोकांत उपाशी कुणीच नव्हतं, सगळ्यांना पगार होता. तरी हुद्द्याची प्रत्येक पायरी उतरली की हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वाढत होतं. कामावर स्वतःचा ताबा किती, हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. आपल्या साखर कारखान्यात बघा. कायम कामगार, हंगामी कामगार, कंत्राटी आणि रोजंदारी : एकाच गेटातून आत जाणारी चार जातींची माणसं. कायमवाल्याला पुढच्या दिवाळीचा बोनस दिसत असतो, हंगामीवाल्याला बिगरहंगामातलं निदान रिटेन्शन, म्हणजे बसल्या काळातला थोडा पगार, तरी असतो, कंत्राटीवाल्याला पुढचा महिनासुद्धा दिसत नाही. झोप न येण्याची तक्रार घेऊन या चारही पायऱ्यांवरचे लोक माझ्याकडे येतात, पण खालच्या पायरीवरचे जास्त येतात, आणि फार उशिरा येतात.

आता तुमच्या आई आणि त्या काकू. दोघींचा आजार एकच, गावही एकच, मग फरक कशाने पडला? मी त्या दोघींना पाहिलेलं नाही. पण अशा जोड्या माझ्या ओपीडीत बऱ्याच येऊन गेल्या आहेत, म्हणून अंदाज बांधते.

काकूंना मुलाने चारचाकीतून आणलं असेल. आईंना यायचं तर एसटी, एक दिवसाची मजुरी बुडणार आणि सोबत येणाऱ्याचीही बुडणार. काकूंना पंधरा दिवसांनी बोलावलं तर त्या पंधरा दिवसांनी आल्या असतील. आईंना पंधरा दिवसांनी बोलावलं तेव्हा नेमकी गोडी छाटणी किंवा विरळणी चालू असेल. तेव्हा कामावर नाही गेलं तर टोळीतली जागा जाते, पुढच्या बागेला मुकादमीण दुसरीला नेते. काकूंना सुरुवातीला गोळीने सुस्ती आली असेल तर त्या दुपारी आडव्या झाल्या असतील. आईंनी सुस्ती आली म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या असतील, कारण शिडीवर उभं राहून काम करताना तोल जातो. काकूंच्या आजाराला गावाने ‘डिप्रेशन’ म्हटलं असेल. आईंच्या आजाराला बहुधा ‘नखरे’ किंवा ‘बाहेरचं’ म्हटलं असेल. औषधाच्या चिठ्ठीवर दोघींचं औषध एकच लिहिलेलं असतं. त्या औषधाला काम करायला लागणारा वेळ, विश्रांती आणि माणसं मात्र एकीच्याच घरात असतात.

मी कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगते. ऊसतोडीला आलेली एक बाई पोटात गोळा येतो, श्वास अडकतो, रडू थांबत नाही म्हणून आली. मी तपासून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. ती आली नाही. दीड महिन्याने आली तेव्हा मी केसपेपरवर ‘उपचारांत अनियमित’ असं लिहिलं आणि तिला चार शब्द सुनावले. ती काहीच बोलली नाही. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या बाईने सांगितलं, “खाडा पडतो, बाई.” तेव्हा मला खाडा म्हणजे काय हे पहिल्यांदा नीट समजलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं असतं. एक दिवस काम चुकलं तर त्या दिवसाची कमाई तर जातेच, वर खाड्याचे पैसे उचलीत चढतात. म्हणजे माझ्याकडे येण्याची फी दवाखान्याच्या दहा रुपयांच्या केसपेपरची नव्हती, दोन माणसांच्या पूर्ण दिवसाची आणि वर दंडाची होती. बीडहून येणाऱ्या टोळ्यांचं तसंच, आणि आपल्या जतहून दुसरीकडे तोडीला जाणाऱ्यांचंही तसंच. तेव्हापासून मी ‘अनियमित’ हा शब्द केसपेपरवर लिहिलेला नाही. का येता आलं नाही, ते लिहिते.

गरिबी मनाला नेमकी कुठे धरते, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. पैसे कमी असणं हा त्यातला एक भाग झाला. त्याहून वाईट असते ती अनिश्चितता. तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, ऊस जायच्या आधी आणि पैसे हातात आल्यावर, असे दोनदा तपासले. पैसे येण्याआधीच्या तंगीत त्यांची विचार करण्याची आणि लक्ष एकवटण्याची क्षमता लक्षात येण्याइतकी कमी होती, पैसे आल्यावर ती वाढली. माणूस तोच, मेंदूही तोच. फक्त डोक्याचा मोठा हिस्सा ‘आता कसं भागवायचं’ यात अडकलेला होता. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, द्यावी असा नियम आहे. बिल महिनोन्‌महिने लांबलं की त्या घरात किती भांडणं होतात, पोरांच्या फीवरून किती रात्री जागून जातात, ते मला ओपीडीच्या गर्दीवरून कळतं. म्हणून मी जेव्हा म्हणते की वेळेवर ऊसबिल देणं हेही मानसिक आरोग्याचं काम आहे, तेव्हा ते शब्दशः म्हणत असते.

दुसरी गोष्ट लाजेची. ती समजावी म्हणून एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मिरजेच्या आसपासच्या एका गावची चाळिशीतली बाई. येताना एक कॅरीबॅग घेऊन आली. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गरीब बाईकडे ती असते. मी ती टेबलावर रिकामी करायला सांगते. त्यातून तीन ईसीजी निघाले, थायरॉईड दोनदा, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा एमआरआय, सलाईनच्या आणि ताकदीच्या इंजेक्शनच्या पावत्या, एका देवऋषीने दिलेला ताईत आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. पावत्यांवरच्या रकमांची आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली. साडेएकेचाळीस हजार झाले. ती आकड्याकडे बघत राहिली. म्हणाली, “एवढ्यात म्हैस आली असती.” त्या सगळ्या कागदांत ‘नैराश्य’ हा शब्द एकदाही नव्हता.

मग मी तिला कॅलेंडर दिलं. ज्या रात्री झोप लागली नाही त्या तारखेवर फुली मारायची, एवढंच. महिन्याने ती कॅलेंडर घेऊन आली. फुल्या इकडेतिकडे होत्या, पण एक रांग सरळ उभी होती. सगळे सोमवार. मी विचारलं, सोमवारी काय असतं? ती म्हणाली, “सोमवारी काय न्हाई. मंगळवारी मिटिंग असती न्हवं.” मंगळवारी सकाळी शेजारणीच्या ओसरीवर गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला दहा बायका बसायच्या. फायनान्सचा माणूस वही घेऊन यायचा. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्या नऊ जणींना भरायला लागायचे आणि तोपर्यंत कुणालाच उठू द्यायचे नाहीत. या नऊ जणींत तिची जाऊ होती, वर्गातली मैत्रीण होती. पैसे कमी पडायची भीती होतीच, पण तिला खाऊन टाकत होती ती जावेसमोर मान खाली घालून बसायची भीती. धडधड, अंगाची आग, घशात आवंढा अडकणं, सगळं सोमवारी संध्याकाळपासून सुरू व्हायचं.

या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून काय साधणार होतं? टेन्शन ती घेत नव्हती, ते दर मंगळवारी तिच्या दारात येत होतं. दीर्घकाळ अशी भीती बसली की शरीरातली ताणाची यंत्रणा सतत चालू राहते, झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, मग घरात वाद, मग पुन्हा झोप नाही. रक्ताच्या तपासणीत यातलं काही दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल.

लाजेचं दुसरं, जुनं आणि जास्त खोल रूप जातीचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्यात शिकले. शाळेत त्यांना बसायला स्वतःचं गोणपाट न्यावं लागे आणि ते संध्याकाळी घरी आणावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. सातव्या-आठव्या वर्षी रोज ते गोणपाट बगलेत मारून घरी येणाऱ्या मुलाच्या मनावर काय होत असेल, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आज गोणपाट नाही. पण गावात चोरी झाली की पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर गाडी जाते. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची त्या कायद्यातून १९५२ मध्ये सुटका झाली, गावाच्या नजरेतून झालेली नाही. अशा वस्तीतला एक विशीतला मुलगा माझ्याकडे आणला होता. ‘सारखा संशय घेतो, गाडीच्या आवाजाने दचकतो, रात्री बाहेर जाऊन बसतो.’ पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर संशयाचा आजार असं लिहिलं होतं. दोन तास बोलल्यावर कळलं की त्याला दोनदा रात्री झोपेतून उचलून नेलं होतं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं होतं. त्याचं दचकणं खऱ्या अनुभवातून आलेलं होतं. त्याला भ्रमाची औषधं दिली असती तर आम्ही त्याच्यावर तिसऱ्यांदा अन्याय केला असता.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक मानसिक आजार परिस्थितीतून येत नाही, आणि आजार माणसाला गरीब करतो हेही खरं आहे. इस्राएलमध्ये या दोन बाजू वेगळ्या काढून बघणारा एक महत्त्वाचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बायकांमधल्या नैराश्यात आणि पुरुषांमधल्या व्यसनात परिस्थितीचा वाटा मोठा आहे, तर स्किझोफ्रेनियात आजारामुळे माणूस खाली घसरण्याचा वाटा मोठा आहे. ही घसरण मी खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या घरांत पाहिली आहे. पोरगा सतराव्या-अठराव्या वर्षी सोनं-चांदी गाळायला दूर दक्षिणेत जातो, चांगलं चाललेलं असतं, आणि मग एक दिवस भाऊबंद त्याला गाडीत घालून गावी आणतात. कानात आवाज येतात, दुकानात कुणी विष घालतंय म्हणतो. मग तीन-चार वर्षं देवदेव, दूरदूरचे दवाखाने, बायको माहेरी, भावांची वाटणी, आणि वाट्याला आलेल्या दोन एकरांतला एक एकर गेला. अशा मुलाच्या बाबतीत ‘गरिबीने वेडा झाला’ म्हणणं चूक आहे. त्याला लवकर आणि नियमित औषध मिळालं असतं तर ती जमीन वाचली असती.

मग पैसे दिले की मन बरं होतं का? यावर चांगले पुरावे आहेत. अमेरिकेत चेरोकी लोकांच्या भागात १९९६ मध्ये कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला हिस्सा प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. संशोधक त्या मुलांना आधीपासून तपासतच होते. जी घरं दारिद्र्यातून वर आली त्यांतल्या मुलांचं आडदांड, बेशिस्त वागणं कमी झालं, बऱ्याच अंशी आईबापांना मुलांकडे बघायला वेळ मिळाल्यामुळे. चिंता आणि नैराश्यावर मात्र तेवढा परिणाम दिसला नाही. इंडोनेशियात गरीब घरांना थेट रोख मदत सुरू झाल्यावर त्या भागांतल्या आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे पैसा काम करतो, पण सगळंच काम करत नाही.

आपल्याच तालुक्याची एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तुमच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या म्हाताऱ्या बायका माण-खटावकडून अजून माझ्याकडे येतात, सांधेदुखी आणि झोपेसाठी. त्या काळाबद्दल विचारलं की हालअपेष्टा सांगतात, पण एक वाक्य बहुतेक सगळ्या बोलतात : “मागून खाल्लं न्हाई.” काम मागण्याचा हक्क असणं आणि कुणाच्या तरी दयेवर असणं, यात मनाला फार मोठा फरक पडतो. अलीकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, २०२३ च्या मार्चपासून. त्यानंतर माझ्या ओपीडीत जत-आटपाडीकडच्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीला येण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतकं वाढलं. एरवी नवऱ्याकडे भाड्याचे पैसे मागायला नको म्हणून त्या येत नसत.

आता तुमच्या आईंसाठी काय करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, फोनवर “काळजी करू नको” म्हणणं थांबवा. त्याऐवजी विचारा, कुठल्या दिवशी जास्त होतं? कर्ज किती, कुणाकुणाचं, हप्ता कधी? बऱ्याच आया हे मुलांपासून लपवतात, कारण ते कर्ज मुलांच्याच शिक्षणासाठी काढलेलं असतं. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला माहीत झालं एवढ्यानेच त्यांचं अर्धं ओझं उतरेल.

हिमोग्लोबिन आणि थायरॉईड झालं नसेल तर तेवढं मात्र करून घ्या. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे आणि थकव्यात त्याचाही वाटा असतो. पुन्हा एमआरआय नको. सलाईन तर अजिबात नको.

मिरज आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी दवाखान्यात मानसोपचार मोफत मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा की आई शिडीवर चढून काम करते, महिन्यातून एकदाच येऊ शकते. न लाजता सांगा. त्यावरून औषध कुठलं आणि कधी घ्यायचं ते बदलता येतं, एका वेळी महिन्याचं देता येतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त त्रास जाणवतो, फायदा नाही. बहुतेक जणी इथेच सोडतात. तेव्हा त्या पंधरवड्यात तुम्ही रोज फोन करा. या गोळ्यांची सवय लागत नाही. मेडिकलमधून आणलेल्या झोपेच्या गोळीची लागते. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं.

बोलून करायचे उपचार शहरातच मिळतात असं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा-आठ भेटींत नैराश्याचे रुग्ण बरे करून दाखवले. २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची मूळ कल्पना साधी आहे : मनाला येईल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, एखादी छोटी, पूर्वी आवडणारी गोष्ट ठरवून, ठरल्या वेळी करायची. तुमच्या आई पूर्वी भजनाला जात असतील, ओव्या म्हणत असतील, दारात फुलझाडं लावत असतील. तिथून सुरुवात करा. टेलिमानस, १४४१६, हा केंद्र सरकारचा मोफत फोन आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

कर्जाकडे स्वतंत्रपणे बघा. गटाचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम सगळ्या हप्त्यांत मिळून जाता कामा नये. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही. तक्रार कशी करायची ते रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या फोनवर विचारता येतं. सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का, ते बघा. नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मी वर सांगितलेल्या बाईच्या बाबतीत आमच्या समाजसेविकेने तिच्यासोबत बसून हप्त्यांची वही मांडली. तीन कंपन्यांची कर्जं होती, एकाचे पैसे दुसऱ्याला जात होते. भावाने एक कर्ज एकरकमी मिटवलं. गोळ्या चालू होत्याच. चौथ्या महिन्याच्या कॅलेंडरवर सोमवारी एकच फुली होती.

एक गोष्ट मात्र आजच करा, डॉक्टरकडे जायची वाट बघू नका. द्राक्षाच्या भागात घरोघरी फवारणीचं औषध असतं. बरेचदा पलंगाखाली, नाहीतर मोरीच्या फळीवर. ते घरातून हलवा. बागमालकांच्या शेडमध्ये कुलपात ठेवायला सांगा. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी खाली आलं. टोकाचा विचार अनेकदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. आईंना सरळ विचारा, “जगू नये असं वाटतं का?” विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते. त्या हो म्हणाल्या तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या. पोलीस केस होईल म्हणून कुणी अडवलं तर सांगा की कायदा आता अशा माणसाला शिक्षा देत नाही, त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

जाताना घरात असेल ती कॅरीबॅग जशीच्या तशी घेऊन जा. जुने कागद आहेत म्हणून त्यातलं काही काढू नका, मेडिकलच्या पावत्याही नकोत काढायला. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आणि जायच्या आधी महिनाभर आईंच्या चुलीवरच्या भिंतीवर एक कॅलेंडर लावून द्या. ज्या रात्री झोप लागली नाही तिथे फुली, एवढंच सांगा.